शिट्टी खिशात ठेवा: बहुराष्ट्रीय आपत्ती सरावात लेझीम बसवताना

लेझीम शिकवायची तर गळ्यात शिट्टी हवीच, असं मी सत्तावीस वर्षं मानत आले. शाळेच्या मैदानावर दोनशे पोरं असतात, तिथे घसा पुरत नाही. एक लांब शिट्टी म्हणजे हुशार, तीन तोकड्या म्हणजे हालचाल बदला. हीच सवय घेऊन मी पुण्याजवळच्या एका बहुराष्ट्रीय आपत्ती सरावात सांस्कृतिक संध्याकाळ बसवायला गेले आणि पहिल्याच तालमीत तीन तोकड्या शिट्ट्या मारल्या. समोरचे चोवीस परदेशी जवान हातातल्या लेझमी जमिनीवर टाकून मैदानाबाहेर पळाले. कडेला जाऊन रांगेत उभे राहिले आणि एकमेकांना मोजायला लागले. मधोमध मी आणि हलगीवाले तात्या, दोघंच. तात्या हळूच म्हणाले, "बाई, आपलं काही चुकलं का?"

चुकलं होतंच. ढिगाऱ्याखालच्या माणसांना शोधणाऱ्या पथकांची 'इन्सराग' नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९९१पासून आहे. मेक्सिकोतल्या १९८५च्या आणि आर्मेनियातल्या १९८८च्या भूकंपात देशोदेशीची पथकं धावून गेली, पण एकाचं दुसऱ्याला कळेना. त्या अनुभवातून ती उभी राहिली. तिच्या खुणांत तीन तोकड्या शिट्ट्या, प्रत्येकी साधारण एक सेकंदाची, म्हणजे 'जागा सोडा, बाहेर पडा'. तीन सेकंदांची एक लांब शिट्टी म्हणजे 'काम थांबवा, शांतता'. एक लांब आणि एक तोकडी म्हणजे 'पुन्हा सुरू करा'. वर्षानुवर्षं घोटून घेतलेली माणसं ती. शिट्टी कानात शिरली की पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. आणि तसंच हवं. माझ्या लेझमीपायी त्यांना थोडं सावकाश पळायची सवय लागली, तर ते पाप कुणाच्या माथी?

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: शिट्टी, भोंगा, सायरन यातलं काहीही नाचाच्या तालमीत नको. हालचाल बदलायची खूण हलगीवर द्या. आम्ही ठरवलं की एक कडक थाप, मग दोन मात्रा रिकाम्या, मग नवी हालचाल. पहिल्या दिवशी गोंधळ उडाला, दुसऱ्या दिवशी बसलं. माझी शिट्टी चार दिवस पर्समध्ये राहिली. गळा मोकळा मोकळा वाटायचा.

मी पीटीची बाई, आणि आता आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणारी प्रशिक्षित स्वयंसेवक. त्याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, त्यामुळे दोरखंड, स्ट्रेचर, प्रथमोपचार एवढं कळतं. माझ्या पथकातली पोरं-पोरीही आपदा मित्रच. बरीचशी कधीकाळी शाळेत माझ्या हाताखाली लेझीम खेळलेली. पुणे परिसराला अशा सरावांचं नवल नाही. कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये डिसेंबर २०२१मध्ये बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या गटाचा 'पॅनेक्स-२१' हा आपत्ती सराव झाला होता, आणि तळेगावकडे सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन आहे. त्यामुळे उद्या तुमच्या शाळेला, मंडळाला किंवा ढोल पथकाला 'पाहुण्यांसाठी काहीतरी मराठमोळं बसवा' असा फोन येऊ शकतो. तो आला की पुढचं उपयोगी पडेल.

आधी वेळापत्रक, मग ठेका

फोन करणारा नेहमी म्हणतो, "शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठेवू." नाही म्हणा. शेवटच्या दिवशी पेट्या बांधायच्या असतात, यंत्रं धुवायची असतात, साहेबांची भाषणं असतात, आणि निम्म्यांच्या विमानाची वेळ झालेली असते. चार दिवसांचा सराव असेल तर दुसरी संध्याकाळ मागून घ्या. त्या रात्री ज्याच्याबरोबर लेझीम धरली, त्याच्याचबरोबर तिसऱ्या दिवशी काँक्रीटची स्लॅब कापायची असते. माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा फायदा तिथे दिसतो. आमच्या एका पोराला नेपाळच्या पथकातल्या एका दादाचं नाव तालमीत कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याला बोगद्याच्या तोंडाशी नावानं हाक मारली. 'हॅलो, यू, नेपाळ' असं ओरडावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. इन्सरागच्या वर्गवारीत 'हेवी' पथकानं दोन ठिकाणी चोवीस तास, असं दहा दिवस काम करायची तयारी ठेवायची असते; 'मीडियम' पथकानं एका ठिकाणी सात दिवस. सरावातही पाळ्या तशाच लावतात. म्हणजे आज तालमीला आलेले वीस जण उद्या झोपलेले असणार आणि वेगळेच वीस जण येणार. सलग आठवडाभर तालीम करून बसवायचा नाच इथे चालत नाही. वीस मिनिटांत शिकता येईल आणि मध्येच कुणी उठून गेलं तरी मोडणार नाही, असाच बसवा. रात्रपाळी करून आलेल्याला तालमीला ओढू नका. त्याला चहा द्या आणि झोपू द्या.

संध्याकाळची सुरुवात दिवसाचा आढावा संपल्यावर करा. त्याला ही मंडळी 'हॉट वॉश' म्हणतात: काम संपल्यासंपल्या सगळे गोल करून बसतात आणि काय चुकलं ते सांगतात. त्यात कुणाकुणाला बोलणी बसलेली असतात. मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

तारखेचंही बघा. २६ डिसेंबर हा २००४च्या त्सुनामीचा दिवस. श्रीलंका आणि थायलंडच्या पथकांना त्या दिवशी नाचायला बोलावू नका. नेपाळमध्ये २५ एप्रिल हा २०१५च्या भूकंपाचा दिवस, आणि १९३४च्या भूकंपाची आठवण म्हणून माघ २ला ते भूकंप सुरक्षा दिन पाळतात. म्यानमारला मे महिन्याच्या सुरुवातीला २००८चं नर्गिस चक्रीवादळ आठवतं. कॅलेंडर घेऊन प्रत्येक पथकाच्या संपर्क अधिकाऱ्याला विचारायचं, एवढंच काम आहे.

आणि आपल्या घरातलंही विसरू नका. आमच्या तालमीत तात्यांनी सवयीनं विसर्जन मिरवणुकीचा ठेका धरला. लातूरकडून आलेला एक आपदा मित्र, चाळिशीच्या आसपासचा, बाजूला येऊन म्हणाला, "बाई, तेवढा ठेका नको." मला आधी कळेना. मग कळलं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. तो तेव्हा शाळकरी पोर होता आणि त्या संध्याकाळी लेझीमच खेळला होता. तात्यांनी काही न विचारता ठेका बदलला. पुढचे तीन दिवस त्यांनी तो हलगीवर चुकूनही आणला नाही.

हलगी, जाळ आणि कुत्री

"हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही," हे तात्यांचं ठाम मत, आणि ते खरंच आहे. कातडं ढिलं पडलं की आवाज भदभद येतो. घरी असतो तर पाचट पेटवून दोन मिनिटांत शेकली असती. पण सरावाच्या छावणीत जनरेटरचं डिझेल, कटरचं पेट्रोल, गॅसच्या टाक्या असतात. उघडी आग पूर्ण बंद. प्लास्टिकच्या पडद्याची हलगी मिळते आणि ती तापवावी लागत नाही. ती आणा, असं मी सुचवलं. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना चमचा देऊन ताट वाजवायला सांगितलंय.

शेवटी सेफ्टी ऑफिसरला भेटले. हा माणूस सगळ्या छावणीत सर्वांत महत्त्वाचा समजा. पाहुणे, साहेब, मंत्री सगळे त्याच्यानंतर. त्यानं इंधनापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक कोपरा दिला, वाळूची बादली दिली, दहा मिनिटांची वेळ दिली. दोन मुठी पाचटाच्या जाळावर तात्या हलगी शेकतायत आणि शेजारी भरलेला बंब उभा करून एक जवान पाइप हातात घेऊन थांबलाय. तात्यांचा एवढा मान आयुष्यात कुणी केला नसेल. सांगायचं हे की परवानगी मागितली तर मिळते. न मागता काडी ओढलीत तर कार्यक्रमच बंद होईल, आणि तो बंद करणारा बरोबर असेल.

कुत्र्यांचं मला सुचलं नव्हतं. श्वानपथकाचे पिंजरे मैदानाच्या पलीकडेच होते. हलगीचा पहिला कडकडाट झाला आणि एक लॅब्राडोर पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागला. त्याचा हँडलर धावत आला. चिडला नव्हता, फक्त म्हणाला की सकाळी सहाला याला वास घ्यायचाय, रात्री झोप हवी. आम्ही मैदान बदललं आणि मध्ये बराकींची रांग येईल असं बघितलं. ढोल-ताशा असेल तर अंतर आणखी वाढवा. ताशाची तर बातच सोडा.

दिवसा तालीम घेत असाल तर शांततेच्या वेळा विचारून घ्या. ढिगाऱ्याखालची हालचाल, कण्हणं टिपणारी ऐकायची यंत्रं असतात. ती लावली की ती लांब शिट्टी होते आणि अख्खं मैदान गप्प होतं. जनरेटर बंद, बूट थांबलेले. अशा वेळी आमची एक पोरगी दहा लेझमींची मोळी खांद्यावर घेऊन कडेकडेनं चालली होती. लेझीम किती आवाज करते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चाळीस माणसांनी एकदम मान वळवली. तेव्हापासून नियम केला: खेळून झालं की साखळी दांड्याला मिटवायची, सुतळीचे दोन वेढे द्यायचे, मगच उचलायची.

रिबिनींचंही असंच. शाळेत आम्ही मनगटाला लाल-पिवळ्या-हिरव्या रिबिनी बांधतो, छान दिसतात. इथे तेच रंग जखमींच्या वर्गवारीचे आहेत. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे चालता-फिरता, काळा म्हणजे गेलेला. आमचीच पोरं दिवसा नकली जखमी म्हणून झोपायची, कपाळावर रंगवलेलं रक्त घेऊन, आणि संध्याकाळी नाचायला यायची. तालमीआधी तोंड धुवायला लावा. रिबीन हवीच असेल तर पांढरी किंवा निळी घ्या. गुलाल, कागदी तुकडे, फुलांच्या पाकळ्या हेलिपॅडच्या जवळपासही नकोत. पंख्याच्या वाऱ्यानं सगळं उडतं. मैदानावर उभं राहायच्या जागा चुन्यानं आखा. स्प्रेच्या डब्याला हात लावू नका, त्या रंगानं ही माणसं भिंतींवर खुणा करतात आणि त्या खुणांना अर्थ असतो.

कुणी काय दाखवायचं

बिमस्टेकचे देश सात: बांगलादेश, भूतान, भारत, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, थायलंड. प्रत्येकाकडे नाच आहेत आणि प्रत्येकाकडे असेही नाच आहेत जे 'आयटम' म्हणून मागायचे नसतात. संपर्क अधिकाऱ्याला दोन वेगळे प्रश्न विचारा. तुमच्याकडे सगळ्यांनी मिळून करायचा नाच कोणता? आणि फक्त बघायचा, किंवा इथे करायचाच नाही असा कोणता?

भूतानचं उदाहरण घ्या. मुखवट्यांचा छम म्हटला की फोटोवाल्यांचे डोळे चमकतात, पण तो धार्मिक विधीचा नाच आहे, छावणीतल्या रात्रीसाठी नाही. त्यांच्याचकडे ताशी लेबे आहे: कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांनी गोल करून करायचा, शुभेच्छेचा. तो मागा, आनंदानं शिकवतात. श्रीलंकेच्या कँडी नाचातला 'वेस'चा शिरपेच दीक्षा घेतलेल्या नर्तकाचा असतो. "जरा घालून बघू का, एक सेल्फी" असं कुणी म्हणायच्या आत तुम्ही पथकाला बजावून ठेवा. त्यांचा गेटबेरय हा ढोल मात्र तात्यांच्या हलगीशेजारी असा जमला की दोघांना थांबवायला मला दिवे घालवायला सांगावे लागले. थायलंडचं रामवोंग गोल फिरतच होतं; हात लवतात, पाय साधे, कुणी कुणाला धरत नाही, त्यामुळे लाजणाऱ्यांची सोय. बांगलादेशात सिल्हेटकडे धामाइल आहे, टाळ्या वाजवत गोलात फिरायचं. नेपाळचं मादल, म्हणजे त्यांचा ढोल, आलं की पुढचं काही ठरवावंच लागत नाही.

आपल्याकडचंही याच चाळणीतून काढा. समितीत कुणीतरी हमखास म्हणतं, "गोंधळ घ्या, पोत पेटवा, भारी दिसेल." गोंधळ हा देवीचा विधी आहे, आणि पोत पेटवायचं सेफ्टी ऑफिसरला सांगायला त्यांनी स्वतः जावं. दुसरं कुणीतरी लावणी म्हणतं. लावणी शिकलेल्या कलावंतीणीनं करायची, बूट घातलेल्या तिसऱ्या पाळीच्या जवानांनी नाही. लेझीम इथे चपखल बसते कारण ती मुळात व्यायाम आहे. जुनी लेझीम धनुष्यासारखी वाकडी आणि जड असायची, तालमीत दंड कमावायला. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्येही ती दिसली. रांग, मोजणी, ठेका. जवानाला हे सगळं ओळखीचं.

वीस मिनिटांची शिकवणी

पाहुण्याला एकटं उभं करू नका. आपला एक, पाहुणा एक, अशी जोडी लावा. ढिगाऱ्यातही ही माणसं जोडीनंच आत शिरतात, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. दोन जोड्यांमध्ये दोन हात अंतर. दीड फुटाचा दांडा आणि लोखंडी साखळी. शेजाऱ्याच्या कानाला लागली तर कार्यक्रमाची शोभा होईल.

पहिली पाच मिनिटं पाय हलवूच नका. दांडा एका हातात, साखळीच्या मधली मूठ दुसऱ्या हातात. मिटलेली लेझीम झटक्यानं उघडायची, झटक्यानं मिटायची. उघडताना एक आवाज, मिटताना एक. नवखा माणूस मनगट न वापरता खांदा वापरतो, मग आवाज 'छण्ण' न येता 'खडखड' येतो. त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरा आणि म्हणा, हा हलला नाही पाहिजे. दहा वेळा केलं की येतं. कामाचे जाड हातमोजे काढायला लावा, पण बोटावर टाके किंवा पट्टी असेल त्याला लेझीम न देता टाळ्यांच्या गोलात घ्या. चकत्यांच्या कडा धारदार असतात. आदल्या रात्री प्रत्येक साखळीवरून जाड कापड ओढून बघा, अडकलं की ती बाजूला.

मग 'चार आवाज'. शाळेतल्या पुस्तकात चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दोरुख, आगे पाव, आगे कदम अशी मोठी रांग आहे. इथे फक्त पहिले दोन आणि आगे कदम घ्या. पवित्रा मलाही फार आवडतो, पण मोह आवरा. मी चार आवाज सोपे करून शिकवते: एकला वाकून पायाजवळ, दोनला कमरेशी, तीनला छातीसमोर उघडायची, चारला मिटायची. बैठका आणि उड्या पूर्ण काढून टाका. पोलादी टोकांच्या बुटांत, गुडघ्याला पॅड बांधून, दिवसभर रांगत काम केलेला माणूस असतो तो. त्याच्या गुडघ्याची उद्या गरज आहे.

मोजणी कुठल्या भाषेत करायची, यावर माझं सरळ उत्तर: सगळ्यांच्या. इंग्रजीत 'वन टू थ्री फोर' केलं की सगळे ओळीत येतात आणि कुणीच हसत नाही. आम्ही आठ मात्रांच्या दोन फेऱ्यांनंतर भाषा बदलत गेलो. मराठीत एक दोन तीन चार. नेपाळीत एक दुई तीन चार. इथवर कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मग श्रीलंकेचा माणूस ओरडला, "एक, देक, तुन, हतर!" आणि आमची पोरं थबकली. कारण कळतही होतं आणि कळतही नव्हतं. भूतानचं ची, ञी, सुम, झी. थाईचं नुंग, सोंग, साम, सी. थाई चारावरच थांबवा. त्यांचा पाच म्हणजे 'हा', आणि पंधरा-वीस जण एका सुरात 'हा' म्हणाले की तालीम संपली समजा. ही मोजणी नुसती गंमत नाही. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर उचलताना मी माझ्या कानांनी ऐकलं: पुढे दोन नेपाळी, मागे आमची पोरगी आणि एक श्रीलंकन, आणि तो म्हणतोय, "एक, देक, तुन." तिनं बरोबर 'तुन'ला उचललं.

फेटा, औक्षण आणि बाकीचं

फेटा बांधायचा बेत असेल तर थांबा. थायलंड, श्रीलंका, म्यानमार, भूतान इथल्या बऱ्याच जणांना परक्यानं डोक्याला हात लावलेला चालत नाही. डोकं त्यांच्यासाठी पवित्र. आपण प्रेमानं डोकं धरून फेरे द्यायला लागतो आणि समोरचा आखडून बसतो. आम्ही तयार बांधलेले फेटे टेबलावर मांडले आणि आरसा ठेवला. ज्याला हवा त्यानं स्वतः घातला. एका थाई अधिकाऱ्यानं "तुम्हीच बांधा" म्हणून स्वतः डोकं पुढे केलं, मग बांधला. विचारणं आणि वाट बघणं, एवढंच.

औक्षणाची निरांजनं मी सोडून दिली, बंबवाल्याला पुन्हा उभं करायला नको वाटलं. हळदीकुंकू बायकांना विचारून. पथकांतल्या बायकांना नऊवारी नेसवायचा आग्रह करू नका. गणवेशावर शेला पुरतो आणि रात्री अचानक पाचारण झालं तर एका हातानं काढता येतो. आणि पाचारण होतं. आयोजक मुद्दाम मध्यरात्री नवी 'घटना' टाकतात. म्हणून गोलाच्या दोन बाजूंना गाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवा आणि खुर्च्या एकमेकींना बांधू नका.

झेंडे इंग्रजी वर्णक्रमानं लावा, भांडण मिटतं. झेंडा हातात घेऊन नाचायचं नाही. फोटो काढायच्या आधी विचारा; काही पथकांना चेहरा दाखवायची परवानगी नसते. भाषणं दोन, प्रत्येकी तीन मिनिटं. हे साधेल असं समजू नका, पण लिहून द्या.

साउंडवाल्याच्या शेजारी सेफ्टी ऑफिसरची खुर्ची ठेवा आणि आवाज बंद करायचं बटण त्याला दाखवून ठेवा. खरंखुरं काही घडलं तर कुठला शब्द उच्चारायचा, तो सगळ्या पथकांना आधीच सांगून ठेवा. सरावात 'आग लागली' असं दिवसभर ओरडणं चाललेलं असतं, त्यामुळे खऱ्या आगीला वेगळा शब्द लागतो. निवेदकाचा कागद स्वतः वाचा. आमच्या निवेदकानं लिहिलं होतं, 'चला, आपत्ती विसरून नाचूया.' तिथे बसलेले निम्मे लोक खऱ्या ढिगाऱ्यातून माणसं काढून आलेले होते. मी ती ओळ पेननं खोडली आणि तिथे एक मिनिट शांत उभं राहायचं ठेवलं. शिट्टी न मारता; तात्यांनी हलगीवर एक थाप दिली आणि सगळे गप्प झाले. दुसऱ्या थापेला लेझीम सुरू.

शेवट ताशी लेबेनं केला. भूतानच्या पथकानं पायऱ्या दाखवल्या, गोल इतका मोठा झाला की जेवणाच्या तंबूतला आचारीही त्यात होता. कुणाचा पाय कुठे पडत होता ते विचारू नका.

राहिलं लेझमींचं. छावणीत प्रत्येक हत्यार मोजून बाहेर जातं आणि मोजून आत येतं, ती शिस्त उचला. दांड्यावर ऑइलपेंटनं नंबर टाका, वहीत घेणाऱ्याची सही घ्या. रात्री एखादी कमी भरली तर सकाळपर्यंत थांबू नका. ढिगाऱ्यात पडलेली साखळी कुणाच्या तरी बुटात अडकेल. कुणाला भेट द्यायची असेल तर आधीच बाजूला काढून ठेवा आणि सांगा की विमानात ती मोठ्या बॅगेतच टाका. हातातल्या पिशवीत लोखंडी साखळी घेऊन कुणी आत सोडणार नाही. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी उन्हात पसरा, दंव बसलेलं असतं. चकत्या पुसून साखळीला खोबरेलाचा हात फिरवा. जास्त नको, नाहीतर पुढच्या वेळी दांडा हातातून सुटतो.